लोकरीचे ड्रायर बॉल सुटतात, कुबट होतात, सुगंध टिकत नाही: दोष कुठे असतो आणि कसा काढायचा

कपडे मोकळे आणि मऊ वाळावेत म्हणून ड्रायरमध्ये टाकायचा लोकरीचा गोळा दोन-तीनदा फिरला की त्याचं टोक सुटतं आणि पुढच्या खेपेला तो चादरीला गुंडाळूनच बाहेर येतो. सुगंधी तेलाचे थेंब टाकूनही कपड्यांना वास लागत नाही. श्रावणात बरणी उघडावी तर वाळ्याऐवजी ओल्या मेंढीचा वास येतो. या तक्रारी वेगवेगळ्या वाटतात आणि लोक त्यांवर वेगवेगळे उपाय करत बसतात: टोक शिवतात, थेंब वाढवतात, गोळे उन्हात ठेवतात. महिनाभरात तक्रार पुन्हा हजर. बहुतेक वेळा गोळा वरून जमलेला, म्हणजे तंतू एकमेकांत अडकून एकसंध झालेला, आणि आतून सुटा असतो. तो दोष गेला की निम्म्या तक्रारी आपोआप जातात.

खात्री करायची असेल तर एक गोळा बळी द्यावा लागतो. त्रास देणाऱ्यांपैकी सर्वांत वाईट निवडा आणि विळीवर मधोमध कापा. कापलेल्या तोंडावर कांद्यासारखे पदर दिसले, अंगठ्याने दाबल्यावर धाग्यांचे फेरे अलग झाले, तर तो आतून जमलेला नाही. चांगल्या गोळ्याचं तोंड पनीरच्या वडीसारखं एकसंध दिसतं. धाग्याची रेघ कुठेतरी पुसट दिसते, पण नखाने उचलू म्हटलं तर उचलत नाही. मध्यभागी बोट ठेवून गारवा लागतोय का, तेही पाहा. लागला तर कुबट वासाचं कारणही तिथेच सापडलं.

पण त्याआधी यंत्र तपासा. आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या पिळणाऱ्या टपालाही सगळे ड्रायरच म्हणतात. त्यात हे गोळे टाकून काही उपयोग नाही. तिथे गरम हवा नसते, कपडे वरखाली पडत नाहीत, नुसते भिंतीला चिकटून गरगर फिरतात. गोळा एका बाजूला अडकला की टप डगमगतो आणि बेअरिंगवर ताण येतो. लोकरीचा गोळा काम करतो तो आडव्या ड्रममध्ये, जिथे कपडे वर जाऊन खाली कोसळतात. गोळे कपड्यांच्या घड्यांमध्ये शिरून त्यांना मोकळं ठेवतात, गरम हवेला वाट मिळते, टॉवेल आणि चादरी एकमेकांत पीळ घेत नाहीत. वेळ थोडाच वाचतो, फार मोठी अपेक्षा ठेवू नका. मऊपणा मात्र हाताला जाणवतो, आणि सॉफ्टनरचा थर न बसल्यामुळे टॉवेल पाणी टिपायचं विसरत नाहीत.

लोकर खरी आहे का?

गोळा कितीही धुतला तरी जमतच नसेल तर ती लोकर नाही. दुकानात स्वेटरसाठी ‘लोकर’ म्हणून मिळणाऱ्या रंगीत गुंड्यांपैकी बऱ्याचशा ॲक्रिलिकच्या असतात. इचलकरंजीचं सूत घरात असेल तर ते सुती किंवा मिश्र. यातलं काहीच जमणार नाही. मेंढीच्या लोकरीच्या तंतूवर माशासारखे बारीक खवले असतात. ओलावा, उष्णता आणि घासणं मिळालं की तंतू एकाच दिशेने सरकतात, खवले एकमेकांत अडकतात आणि परत फिरत नाहीत. ॲक्रिलिकला किंवा कापसाला खवलेच नाहीत.

बोटभर धागा चिमट्यात धरून पणतीवर जाळून पाहा, शेजारी पाण्याची वाटी ठेवा. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते, ज्योत बाजूला घेतली की बहुधा स्वतःच विझते आणि मागे राहिलेली काळी राख चिमटीत चुरते. ॲक्रिलिक वितळत, ठिबकत जळतं आणि कडक काळा मणी उरतो. धागा जळताना केसांचा वास आला, मणीही उरला, तर मिश्रण आहे. तेही घेऊ नका.

एक फसवणूक मात्र जाळून कळत नाही. लेबलवर ‘सुपरवॉश’ किंवा ‘मशीनमध्ये धुण्याजोगी’ लिहिलेली लोकर शंभर टक्के खरी असूनही जमत नाही, कारण ती आटू नये म्हणून कारखान्यातच तिचे खवले झिजवलेले किंवा पातळ थराने झाकलेले असतात. जळण्याच्या परीक्षेत ती पास होते आणि गोळ्यात नापास. म्हणून दुसरी परीक्षा हवीच: हातभर धाग्याची सैल गुंडी करा, साबण लावून कढत पाण्यात ओली करा, तळहातांत दहा मिनिटं चोळा. टोकं हरवून दोरीसारखा गच्च गोळा झाला तर लोकर घ्या. धागे तसेच वेगळे राहिले तर परत करा. ही दहा मिनिटं वाचवली की पुढचे दोन दिवस वाया जातात.

कोल्हापूरकरांना लोकर लांबून आणायची गरज नाही. जिल्ह्यात धनगरांचे कळप आहेत. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते, इतकी ती इथल्या जगण्यातली आहे. दख्खनी मेंढीची लोकर बहुतेक काळी, आखूड आणि जाड असते. घोंगडीला उत्तम, पण गोळ्याच्या वरच्या थराला नाही. तिच्यात ताठ केस असतात. ते जमत नाहीत, घासून बाहेर येतात आणि पांढऱ्या बनियनवर काळे केस दिसू लागतात. ‘गोळा काळा रंग सोडतो’ ही तक्रार पुष्कळदा रंगाची नसून अशा केसांची असते. म्हणून दख्खनी लोकर आतल्या गाभ्याला वापरा आणि वरून मऊ, बारीक तंतूच्या पांढऱ्या लोकरीचा थर द्या. पिंजून पेळू (न कातलेली सैल वळी) केलेली मेरिनो मेंढीची लोकर त्यासाठी सर्वांत सोपी. कोकराची पहिली कातरलेली लोकर, म्हणजे जावळ, मिळाली तर वरच्या थरालाही चालते. ती मोठ्या मेंढीच्या लोकरीपेक्षा बारीक असते.

कळपाकडून आणलेली कच्ची लोकर धुताना घाई नको. आधी कुसळं, गोखरू, शेणाच्या गुठळ्या हाताने वेचून काढा. मग साधारण ५० अंश तापलेल्या पाण्यात थोडी डिटर्जंट पावडर घालून लोकर त्यात नुसती बुडवा आणि २० मिनिटं सोडा. ढवळू नका, चोळू नका. इथे चोळलं तर ती आत्ताच जमेल आणि पिंजता येणार नाही. पाणी निदान तीनदा बदला, प्रत्येक वेळी तेवढ्याच गरम पाण्याने. तेलकट अंश राहिला तर मेंढीचा वासही राहतो, म्हणून शेवटचं पाणी स्वच्छ निघेपर्यंत थांबू नका.

मापं आणि बांधणी

तयार गोळा क्रिकेटच्या चेंडूएवढा, ७ ते ७.५ सेंटिमीटर व्यासाचा आणि कोरडा असताना साधारण ४० ग्रॅमचा असावा. हलका असेल तर कपड्यांवरच तरंगत राहतो. फार जड असेल तर ड्रमवर ठकठक आदळतो. वजनासाठी आत टेनिस बॉल, दगड किंवा चिंध्यांची गाठ भरू नका. रबराला गरम हवेत वास सुटतो, आणि चिंध्या लोकरीत कधीच मिसळत नाहीत, त्यामुळे तिथेच पोकळी राहते.

सहा गोळ्यांसाठी थोडी जास्तीची धरून ३०० ग्रॅम लोकर घ्या. एका गोळ्याला गाभ्यासाठी २५ ग्रॅम धागा आणि वरच्या थरासाठी १५ ग्रॅम पेळू. धागा दोन बोटांभोवती दहा-बारा फेरे घेऊन काढा, आडवा गुंडाळा, मग प्रत्येक पाच-सहा फेऱ्यांनंतर दिशा बदला. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. धागा जीव खाऊन आवळला तर गाभ्यात साबणाचं पाणी शिरत नाही, तंतूंना सरकायला जागा राहत नाही आणि फक्त वरची साल जमते. विळीवर दिसलेले कांद्याचे पदर म्हणजे हेच. फार सैल ठेवला तर धुताना गोळा चपटा होतो. बोटाने दाबल्यावर साधारण अर्धा सेंटिमीटर आत जाईल आणि परत येईल, इतका ताण बरोबर. गाभा ६ सेंटिमीटरचा झाला की टोक दाभणात ओवून चार वेगवेगळ्या दिशांनी आरपार काढा आणि पृष्ठभागालगत कापा. गाठ मारू नका. गाठ जमत नाही, पहिल्यांदा तीच सुटते.

वरचा पेळू एकदम गुंडाळू नका. तो ओढून विरळ, हाताची बोटं दिसतील इतके पातळ पदर करा आणि एक उभा, एक आडवा असे सहा-सात पदर चढवा. आता गोळा फुगीर, ८.५ ते ९ सेंटिमीटरचा दिसेल. तेवढा हवाच.

जमवण्याची पायरी

नायलॉनच्या जुन्या लांब मोज्यात गोळे एकामागे एक भरा आणि दोन गोळ्यांच्या मध्ये सुती दोऱ्याने बांधा. बांधायला लोकरीचा धागा घेऊ नका, तोही जमून बसतो. मोजा उशीच्या अभ्र्यात घाला, म्हणजे सुटे तंतू मशीनच्या फिल्टरमध्ये जाणार नाहीत. अभ्र्यासोबत एक-दोन जुन्या जीन्स टाका. घासायला काहीतरी जाडं लागतं, नुसते गोळे फिरवून जमत नाहीत. ६० अंशांचा कार्यक्रम, नेहमीची पावडर, आणि लगेच ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर. हे एकदा करून थांबणं ही दुसरी मोठी चूक. निदान तीन वेळा, दख्खनी गाभा असेल तर चार-पाच वेळा हाच फेरा करा. प्रत्येक फेरीनंतर गोळे मोज्यातून सोलून बाहेर काढून परत भरा, नाहीतर तंतू जाळीतून बाहेर येऊन मोजाच गोळ्याला चिकटतो आणि ओढून काढताना साल निघते.

मशीनला गरम पाण्याची सोय नसेल तर हातानेही उत्तम होतं, फक्त मनगटं दुखतात. गिझरचं कढत पाणी एका बादलीत, थंड पाणी दुसऱ्या बादलीत. पाच लिटर गरम पाण्यात किसलेला कपड्यांचा वडीचा साबण २० ग्रॅम. रिठा इथे कमी पडतो. लोकर धुवायला तो छान, पण जमवायला अल्कधर्मी साबणाने काम लवकर होतं, कारण त्यात खवले उघडतात. रबरी हातमोजे घाला. पहिली पाच मिनिटं गोळा लाडू वळताना शेवटी जसा हलका फिरवतो तसाच फिरवा, दाबू नका. सुरुवातीलाच दाबला तर पृष्ठभागावर अक्रोडासारख्या खोल भेगा पडतात आणि त्या पुढे बुजत नाहीत. साल घट्ट लागली की जोर वाढवा, पंधरा-वीस मिनिटं वळा, थंड पाण्यात बुडवा, पुन्हा गरम. असे चार-पाच फेरे. बोअरचं जड पाणी असेल तर साबणाला फेस येत नाही आणि चुन्यासारखा चिकट साका लोकरीत बसतो. अशा ठिकाणी नळाचं पाणी वापरा.

शेवटच्या धुण्यात प्रत्येक लिटर पाण्याला दोन चमचे साधं व्हिनेगर घाला, पाच मिनिटं ठेवा आणि पुन्हा स्वच्छ पाण्यातून काढा. साबणाचा अल्कधर्मी अंश राहिला तर लोकर खरखरीत होते. ही पायरी वगळलेले गोळे हाताला लगेच ओळखू येतात.

भेगा पडल्याच असतील तर गोळा फेकू नका. भेगेत पातळ पेळू भरून वरून दोन पदर चढवा आणि एक फेरा पुन्हा करा.

कुबट वास

लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही हाताला कोरडी वाटते. हा तिचा गुण घोंगडीत उपयोगी, गोळ्यात घातक. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात भिंतींना ओल येते तेव्हा बाहेरून कोरडा दिसणारा गोळा आत चार-चार दिवस दमट असतो. तो झाकणाच्या बरणीत गेला की कुबटलाच म्हणून समजा.

हाताने तपासून हे कळत नाही, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कळतं. गोळा वाळायला ठेवल्यावर वजन लिहून ठेवा आणि सहा तासांनी परत करा. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की आतून वाळला. ४३ ग्रॅमवरून ४१ वर येत असेल तर पाणी अजून निघतंय, बरणीत घालू नका. शक्य असेल तर गोळे बनवायचं काम फेब्रुवारी ते मे या महिन्यांत उरका. पावसाळ्यातच करायचं असेल तर पंख्याखाली दोन दिवस आणि वर ड्रायरचा एक पूर्ण फेरा. आधीच कुबटलेला गोळा व्हिनेगरच्या पाण्यातून काढून उन्हात, मग वजनकाट्यावर. कापल्यावर आत काळे ठिपके दिसले तर बुरशी आहे, तो गोळा टाकून द्या. सुगंधी तेलाने बुरशी झाकली जाते, मरत नाही.

वॉशर-ड्रायर एकत्र असलेल्या मशीनमध्ये कुबट वासाचं वेगळं कारण असतं. धुण्यापासून वाळवण्यापर्यंतचा सलग कार्यक्रम लावला की गोळे धुण्यातच भिजतात, पाणी धरून बसतात आणि वाळवण्याचा वेळ उलट वाढवतात. धुणं संपू द्या, दार उघडा, गोळे टाका, मग फक्त वाळवण्याचा कार्यक्रम वेगळा लावा. अशा मशीनची वाळवण्याची क्षमता धुण्याच्या क्षमतेपेक्षा कमी असते, हे दारावरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. ड्रम गच्च भरला तर गोळ्यांना पडायला जागाच राहत नाही. निम्म्या ड्रमला सहा गोळे, अगदी थोड्या कपड्यांना तीन.

सुगंध का टिकत नाही

वाळवण्याचे गोळे आणि सुगंधाचे गोळे वेगळे ठेवा. यावर आमचा फार भर आहे. पाऊण तास गरम हवेत फिरणाऱ्या गोळ्यावर तेल टाकलं तर ते कपड्यांना लागण्याआधीच उडून जातं, आणि जे लवकर उडतं तेच लवकर पेटही घेतं. संत्रा, लिंबू, निलगिरी या तेलांचा ज्वलनबिंदू ५० अंशांच्या आसपास आहे. ड्रायरमधली हवा सहज ५० ते ७० अंशांपर्यंत जाते. लोकर स्वतः सहजासहजी पेटत नाही, पण तेलाने भिजलेली कोणतीच वस्तू गरम ड्रममध्ये नको. खोबरेल, तीळ, बदाम अशी बैठी तेलं तर मुळीच नकोत. ती उडत नाहीत, कपड्यांवर डाग पाडतात. बाजारातल्या अत्तरातही बऱ्याचदा असा तेलकट आधार असतो. कापराची पूडही घालू नका. तो गरम हवेत वाफ होतो आणि चटकन पेट घेतो.

म्हणून सहा गोळे कोरडे, वाळवण्यासाठी. दोन वेगळे, सुगंधासाठी. या दोघांवर प्रत्येकी दोन-तीन थेंब, वेगवेगळ्या जागी, आदल्या रात्री. अंगठ्याने दाबून मुरवा आणि काचेच्या बरणीत झाकून ठेवा. सकाळी अर्धा तास उघड्यावर ठेवून पांढऱ्या कागदावर दाबा. कागदावर ओला ठसा उमटला तर अजून थांबा, तोच डाग शर्टावर पडला असता. कपडे वाळल्यावर शेवटची दहा मिनिटं हे दोन गोळे टाका, उष्णता बंद करून नुसत्या हवेवर. तेल निवडताना जड वासाचं घ्या. वाळ्याचं तेल घट्ट असतं, थेंब सुटायला वेळ लावतं आणि वासही सर्वांत उशिरा सोडतं. गवती चहा मधला. तान्ह्या बाळाच्या कपड्यांसाठी कुठलंच तेल नको, लवंग आणि निलगिरी तर नाहीच.

तेल वापरायचंच नसेल तर दवणा घ्या. चैत्रात जोतिबाला दवणा वाहतात, त्या दिवसांत कोल्हापुरात तो ताजा मिळतो. सावलीत पाच-सहा दिवस, पान चिमटीत कुरकुरीत चुरेपर्यंत वाळवा. बरणीच्या तळाशी दोन मुठी दवणा किंवा वाळ्याच्या मुळ्या, त्यावर मलमलीचा तुकडा, त्यावर गोळे, आठवडाभर झाकून. वास मंद लागतो, पण तेलासारखा डोक्यात जात नाही. मुळ्या किंवा पानं गोळ्याच्या आत मात्र भरू नका. ती ओलावा धरतात, चुरा होऊन बाहेर येतात आणि जिथे असतात तिथे लोकर जमत नाही.

लोकर चांगला वास जसा धरते तसा फोडणीचाही धरते. मशीन स्वयंपाकघरालगत असेल आणि गोळे उघड्या टोपलीत असतील तर रविवारच्या तांबड्या रश्श्याचा वास सोमवारच्या शर्टाला लागतो. झाकण हवंच.

कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या ठेवायची सवय आहे, ती या गोळ्यांपुरती सोडा. तो वास लोकरीत बसतो आणि गरम हवेत सगळ्या कपड्यांवर उतरतो. बरणीत दवणा किंवा सुका कडुनिंब जोडीला ठेवा, आणि महिन्यातून एकदा तेल नसलेले गोळे गरम ड्रायरमध्ये फिरले तर कसरीची अंडीही राहत नाहीत.

वर्षभर वापरून गोळ्यावर बोंडं आली तर ती कात्रीने छाटा, ओढू नका. वजन ३५ ग्रॅमच्या खाली गेलं असेल तर ५ ग्रॅम पेळूचे पातळ पदर चढवून ६० अंशांवर दोन फेरे द्या. आतला गाभा जमलेला असेल तर वरचं कितीदाही नवं करता येतं.